एकशे अठ्ठावीस वेळा छापा-काटा

एक रुपयाचं नाणं घ्या. वही आणि पेन्सिल घ्या. ओट्यावर बसा आणि नाणं उडवा. छापा पडला तर वहीत १ लिहा, काटा पडला तर ०. पुन्हा उडवा, पुन्हा लिहा. असं १२८ वेळा. अर्ध्या तासात काम संपेल.

आता वहीकडे बघा. एक आणि शून्याची ही रांग म्हणजे एक किल्ली आहे. पृथ्वीवर आजवर ती कुणाच्याही हाती आलेली नाही, आणि तुम्ही दाखवली नाही तर पुढेही येणार नाही. तुम्ही फॉर्म भरला नाही, आधार कार्डाची झेरॉक्स दिली नाही, मोबाईलला हातसुद्धा लावला नाही. तरी जगभर पसरलेल्या एका खातेवहीत तुमच्या नावानं, खरं तर बिननावानं, एक तिजोरी ठरली. ती फक्त याच रांगेनं उघडेल.

धुळ्यात, देवपुरातल्या आमच्या ओट्यावर शेजारच्या आप्पांबरोबर मी हे खरंच करून पाहिलं. आप्पांची सगळी हयात जिनिंगच्या हिशेबात गेली. नातू जळगावला शिकतो. त्यानं फोनवर विचारलं, ‘आप्पा, बिटकॉइन घेऊ का?’ आणि आप्पांची झोप उडाली. म्हणून मी नाणं उडवत होतो, ते लिहीत होते. शेवटचा काटा पडला, तसा आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “हाई समदं ठीक शे, पण मंग पैसा शे तरी कोठे?”

नवख्या माणसाचा पहिला प्रश्न हाच असायला हवा. बहुतेक जण ‘दुप्पट कधी होतील?’ इथून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. आप्पांच्या प्रश्नाकडे येऊच, पण त्याआधी या नाण्यातलं नवल पुरतं बघून घेऊ.

दुसऱ्या कुणाचं नाणं नेमकं असंच पडलं तर? एकदा उडवलं तर दोन शक्यता. दोनदा उडवलं तर चार, दहादा उडवलं तर १,०२४. दर वेळी दुप्पट. १२८ व्या वेळेपर्यंत हा आकडा ३४ वर ३७ शून्यं इतका फुगतो. कागदावर तो लिहिता येतो, डोक्यात मावत नाही. म्हणून असं करू. पृथ्वीवरच्या ८०० कोटी माणसांना, तान्ह्या बाळांसकट, कामाला लावू. प्रत्येकानं एका सेकंदाला १०० कोटी किल्ल्या लावून बघायच्या. आणि हे आजपासून नाही, विश्वाच्या जन्मापासून, म्हणजे सुमारे १,३८० कोटी वर्षं, श्वासही न घेता. तर आजच्या संध्याकाळपर्यंत किती शक्यता तपासून झाल्या असत्या? शंभरातली एक. ९९ अजून बाकी!

या तिजोरीला भिंत नाही, पहारेकरी नाही. चोराला फक्त इतक्या अफाट मैदानात सोडलंय की चालता चालता सूर्य विझेल.

पण १२८ एक-शून्यं उतरवताना कुणाचीही चूक होणार. त्यावर २०१३ साली जी युक्ती निघाली ती मला फार आवडते. २,०४८ साध्या इंग्रजी शब्दांची एक यादी ठरवली गेली. २,०४८ च का? कारण नाणं ११ वेळा उडवलं की नेमक्या तितक्याच शक्यता होतात. म्हणजे ११ नाण्यांचा एक शब्द! १२८ मध्ये असे ११ शब्द बसतात आणि ७ नाणी उरतात. बारावा शब्द पुरा व्हायला ४ कमी पडतात. ती ४ उडवायची नसतात. ती आधीच्या १२८ मधून गणितानं निघतात. त्यामुळे कागदावरचा एखादा शब्द चुकीचा उतरवला गेला, तर १६ पैकी १५ वेळा यंत्र लगेच सांगतं की हा हिशेब जुळत नाही. किल्लीच्या आतच तिचा तपासनीस बसलेला! शिवाय यादीतल्या कुठल्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी नाहीत. अक्षर पुसट झालं, कागद थोडा भिजला, तरी शब्द ओळखू येतो.

या यादीत काय काय आहे? ‘बनाना’ आहे, ‘कॉटन’ आहे, ‘गोल्ड’ आहे. केळी, कापूस आणि सोनं! यादी करणाऱ्यांनी खानदेश पाहिला असेल असं वाटत नाही, पण आपला अर्धा जिल्हा तिच्यात आलाय. ‘पीनट’ आणि ‘ओनियन’ही आहेत. आप्पांनी शेंगदाणा आणि कांद्याचं नाव ऐकल्यावर पहिल्यांदा त्या कागदाकडे विश्वासानं बघितलं.

रोजच्या व्यवहारात नाणी उडवत कुणी बसत नाही. वॉलेट नावाचं ॲप किंवा छोटं यंत्र ते काम आतल्या आत करतं आणि तुम्हाला फक्त बारा शब्द दाखवतं, कधी चोवीस. हे शब्द पेन्सिलीनं कागदावर लिहा. फोटो काढायचा नाही, व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवायचे नाहीत, ईमेलमध्ये ठेवायचे नाहीत. फोटो फोनमधून कुठल्या कुठल्या ढगात साठतात हे आपल्यालाच माहीत नसतं. आणि शब्द स्वतःच्या मनानं निवडायचे नाहीत. देवाचं नाव, सिनेमातला संवाद, आवडती ओळ, माणसाला सुचेल ते चोराच्या संगणकालाही सुचतं. माणसाचं डोकं नाण्याइतकं बेभरवशाचं नाही, आणि इथे बेभरवसा हीच ताकद आहे.

आता आप्पांचा प्रश्न. पैसा आहे कुठे?

कुठेच नाही. नाणं नाही, नोट नाही, पेटीत ठेवलेली फाइलही नाही. आहे ती फक्त वही. अमक्या तिजोरीतून तमक्या तिजोरीत इतके गेले, अशी नोंद. आप्पांना हे सांगितल्यावर ते खुश झाले. कारण त्यांच्या आयुष्यभराच्या कामात तरी दुसरं काय होतं? व्यापाऱ्याची श्रीमंती खतावणीत असते, लक्ष्मीपूजनाला आपण वहीचीच तर पूजा करतो. फरक एवढाच की ही वही एका दिवाणजीच्या गादीखाली नाही. तिची एकसारखी प्रत जगभरच्या हजारो संगणकांवर आहे आणि कुणीही उघडून वाचू शकतं. २२ मे २०१० ला अमेरिकेतल्या एकानं दोन पिझ्झांसाठी १०,००० बिटकॉइन दिले होते. ती नोंद आजही तिथे तशीच दिसते.

मग कुणीतरी आपल्या प्रतीत रात्रीतून खाडाखोड केली तर? याचं उत्तर समजायला धुळ्यातच एक सुंदर जागा आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला इथे धुळ्यात गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. गावोगाव फिरून कागद गोळा करणाऱ्या त्या माणसाचा वारसा म्हणजे मोडीतल्या दफ्तरांचा ढीग. जुन्या काळी लांब मजकूर लिहायचा तर कागदाला कागद चिकटवत नेत. मग मधला एखादा तुकडा काढून कुणी खोटा घातला तर? म्हणून सांध्यावर शिक्का मारण्याची रीत होती, अर्धा या कागदावर, अर्धा त्या. आणि मजकूर संपला की शेवटी मोर्तब, म्हणजे याच्यापुढे कुणी ओळ वाढवू नये. शिवरायांच्या मोर्तबावर अक्षरंच होती ‘मर्यादेयं विराजते’.

बिटकॉइनची वही याच युक्तीवर उभी आहे! तिच्या पानाला ब्लॉक म्हणतात. पान भरलं की सगळ्या मजकुरातून गणितानं एक ठसा काढतात, ६४ अक्षरांचा. मजकुरातला एक स्वल्पविराम बदला, ठसा ओळखू न येण्याइतका बदलतो. आणि हा ठसा पुढच्या पानाच्या डोक्यावर लिहिला जातो. त्या पानाचा ठसा त्याच्या पुढच्यावर. म्हणजे प्रत्येक सांध्यावर शिक्का. मागचं एक पान बदलायचं तर त्याच्यापुढची सगळी पानं नव्यानं लिहावी लागतील, आणि तीही हजारो प्रतींच्या डोळ्यांदेखत. या पानांच्या साखळीला ब्लॉकचेन म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट आपल्या दफ्तरखान्यातली आहे.

वहीचं पहिलं पान ३ जानेवारी २००९ चं. त्यात लंडनच्या ‘द टाइम्स’ची त्या दिवशीच्या, बँकांविषयीच्या मथळ्याची ओळ कोरलेली आहे. म्हणजे हे पान त्या दिवसाच्या आधी लिहिलेलं असूच शकत नाही. लिहिणाऱ्यानं आपलं नाव सातोशी नाकामोतो सांगितलं होतं. ३१ ऑक्टोबर २००८ ला त्यानं या कल्पनेवर ९ पानांचा निबंध प्रसिद्ध केला, दोन-अडीच वर्षं काम केलं आणि तो दिसेनासा झाला. तो कोण होता हे जगाला आजही कळलेलं नाही. ९ पानं!

नवं पान साधारण दर दहा मिनिटांनी जोडलं जातं. ते जोडण्यासाठी जगभरचे संगणक एका कोड्यावर तुटून पडतात आणि जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून नवे बिटकॉइन मिळतात. सुरुवातीला ५० मिळत. दर २,१०,००० पानांनी बक्षीस निम्मं होतं, एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५ वर आलंय. निम्म्याचं निम्मं होत होत एकूण बिटकॉइन २ कोटी १० लाखांच्या आतच थांबणार.

इथपर्यंत सगळं नवलच नवल. पण याच नवलाच्या पोटात धोका आहे.

आप्पांना हुंडी पाठ होती, म्हणून हे त्यांना माझ्याआधी उमजलं. हुंडीत शाहजोग नावाचा प्रकार असे. ती वटवायला येणारा माणूस बाजारात पत असलेला ‘शाह’ हवा. पेढीवाला चौकशी करूनच पैसे मोजायचा. चोरानं हुंडी पळवली तरी त्याला शाह कुठून मिळणार? हुंडी हरवली तर दुसरी लिहून देत, तिला पेठ म्हणत. पेठही हरवली तर परपेठ. माणसांच्या चुका गृहीत धरून बांधलेली ती व्यवस्था होती.

बिटकॉइनला शाह ओळखू येत नाही. ज्याच्या हाती बारा शब्द, तो धनी. आणि इथे पेठ नाही, परपेठ नाही. वेल्समधल्या न्यूपोर्ट गावात जेम्स हॉवेल्स नावाच्या माणसाची हार्ड डिस्क २०१३ साली कचऱ्यात गेली. तिच्यात सुमारे ८,००० बिटकॉइनची किल्ली होती. कचराडेपो खणू द्या म्हणून तो वर्षानुवर्षं नगरपालिकेशी भांडला. वहीत ते बिटकॉइन आजही सगळ्यांना दिसतात, हात कुणाचाच पोचत नाही. जळगावच्या बीएचआर पतसंस्थेत ठेवी अडकल्या तेव्हा लोकांना निदान दार ठोठावायला एक कार्यालय होतं. गणिताच्या दारावर थाप मारून उपयोग नसतो.

म्हणून पैसे घालण्याच्या आधी सराव. आणि सरावाचीही एक अद्भुत सोय आहे. बिटकॉइनचं ‘टेस्टनेट’ नावाचं जुळं भावंड आहे. तिथे सगळं हुबेहूब तसंच चालतं, फक्त नाण्यांना कवडीची किंमत नाही आणि ती फुकट मिळतात. गाडी शिकताना आपण आधी मोकळ्या मैदानात जातो, तसं. तिथे वॉलेट उघडा, बारा शब्द लिहून घ्या, थोडी नाणी मागवा. मग छातीवर दगड ठेवून ते वॉलेट फोनमधून पुसून टाका आणि कागदावरच्या शब्दांवरून परत उभं करा. नाणी पुन्हा दिसतात तेव्हा अंगावर काटा येतो. फोनमध्ये काहीच नव्हतं, सगळं त्या कागदात होतं, हे त्या क्षणी हाताला कळतं. खऱ्या पैशांतही पहिल्यांदा अगदी थोडी रक्कम पाठवायची, पोचली की उरलेली. पाठवण्याचा पत्ता पुढची-मागची चार अक्षरं बघून सोडायचा नाही, मधलीही वाचायची. पुढून-मागून सारखे दिसणारे पत्ते तयार करून चोर तुमच्या जुन्या व्यवहारांच्या यादीत पेरून ठेवतात.

बहुतेक नवखे मात्र या वाटेनं येत नाहीत. ते फोनवर एक्स्चेंजचं ॲप घेतात, बँकेतून पैसे टाकतात आणि ‘माझ्याकडे बिटकॉइन आहेत’ म्हणतात. खरं तर किल्ली कंपनीकडे असते, तुमच्याकडे पडद्यावरचा एक आकडा. सोनं सराफाकडे ठेवून चिठ्ठी घरी आणावी, तसं. सराफ भला असेल, पण त्याच्याकडे दरोडा पडला तर?

पडला. १८ जुलै २०२४ ला मुंबईच्या वझीरएक्स या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलर गेले. तिजोरी साधी नव्हती. सहा जणांपैकी चौघांच्या सह्या झाल्याशिवाय ती उघडत नसे. मग चोरांनी काय केलं? किल्लीचा अंदाज बांधला? विश्वाच्या वयाचा हिशेब आपण आत्ताच केलाय. त्यांनी गणिताला हातही लावला नाही. कंपनीच्या म्हणण्यानुसार सह्या करणाऱ्यांना पडद्यावर एक मजकूर दिसत होता आणि सही होत होती दुसऱ्याच मजकुरावर. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियानं संयुक्त निवेदनात या चोरीसाठी उत्तर कोरियाकडे बोट दाखवलं. ग्राहकांचे पैसे वर्षाहून अधिक काळ अडकले. एक्स्चेंज वापरायचंच असेल तर मार्च २०२३ पासून अशा कंपन्यांना केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे नोंद करावी लागते, ती आहे का ते आधी बघा. आणि मोठी रक्कम तिथे मुक्कामाला ठेवू नका.

दुसरी गोष्ट पुण्यात गाजलेली. अमित भारद्वाज या माणसाच्या ‘गेनबिटकॉइन’ योजनेत सांगितलं जायचं, तुमचे बिटकॉइन द्या, १८ महिने दरमहा १० टक्के परतावा घ्या. आप्पांनी बोटांवर हिशेब केला. दरमहा १० टक्के चक्रवाढीनं वर्षात रक्कम तिपटीहून जास्त होते. “असा धंदा रहाता तर त्यानी आपलाकडे कसाले येता?” या एका वाक्यात सगळं आलं. पुढे लोकांना बिटकॉइनऐवजी योजनेचं स्वतःचंच ‘एमकॅप’ नावाचं नाणं देण्यात आलं, त्याला बाजारात विचारणारं कुणी नव्हतं. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये भारद्वाजला पकडलं, जानेवारी २०२२ मध्ये तो वारला, डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकरणं सीबीआयकडे सोपवली. इथेही बिटकॉइनची वही एका अक्षरानंही खोटी बोलली नाही. खोटं माणूस बोलला.

मला या सगळ्यातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. सतरा वर्षांच्या आसपास ही वही उघड्यावर पडली आहे, जगभरचे चोर तिच्यावर टपलेत, आणि कुलूप गणितानं कुणी फोडलेलं नाही. फुटतो तो माणूस. लोभानं, घाईनं, ओळखीच्या आवाजातल्या फोननं. नफा लावून देतो म्हणणारा टेलिग्रामवरचा सल्लागार, ‘खातं पडताळायचंय, बारा शब्द सांगा’ म्हणणारा मदतनीस, दोघेही चोरच. शब्द मागणारा प्रामाणिक माणूस अस्तित्वातच नसतो, कारण ते शब्द तुमच्याशिवाय कुणालाही कशालाही लागत नाहीत. फसलात तर लाजू नका, त्याच क्षणी १९३० वर फोन करा. पहिल्या तासाची किंमत मोठी असते.

आणि सरकार? रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं, ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं ते परिपत्रक रद्द केलं. घेणं गुन्हा नाही, पण हे कायदेशीर चलनही नाही. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि त्या जुलैपासून विकताना १ टक्का टीडीएस. यातली मेख नीट बघा. एका नाण्यात १०,००० रुपये मिळाले आणि दुसऱ्यात १०,००० गेले, तर तुमच्या मते हाती शून्य. कराच्या हिशेबात मात्र तोटा वजा होत नाही. पहिल्या दहा हजारांवर ३,००० रुपये आणि वर उपकर भरावाच लागतो. भाव तर पाऱ्यासारखा. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन सुमारे ६९,००० डॉलरला होता, वर्षभरानं १६,००० च्याही खाली. नातवाला मी इतकंच सांगितलं, जी रक्कम बुडाली तरी घरातली दिवाळी तशीच होईल, तेवढीच. त्याहून एक रुपया जास्त नाही. आणि आधी महिनाभर टेस्टनेट.

तो आता सुटीत आला की आप्पांसमोर बसून शब्द कागदावर उतरवतो आणि आप्पा एकेक अक्षर ताडून बघतात. जिनिंगच्या वहीत एका शून्याची चूक कशी शोधायची, हे त्यांना त्याच्यापेक्षा चांगलं येतं.

आमची पहिली वही, नाण्यांची, आम्ही ठेवली नाही. त्या तिजोरीत काहीच नव्हतं. आप्पांनी पान फाडलं, त्याचे तुकडे केले आणि दुसऱ्या दिवशी बंबात टाकले. पाणी तापलं. ती किल्ली आता जगाच्या अंतापर्यंत कुणालाही सापडणार नाही.